रस्ता पाहिलेला माणूस

त्या गल्लीत त्याला नावाने कोणी हाक मारत नसे. सगळे काचवाला म्हणत. काचेचं दुकान त्याचं नव्हतं, की काच बसवायचं कामही तो करत नसे. तो काच वाहून न्यायचा. कारखान्यातून निघालेली मोठमोठी तावदानं ट्रकमध्ये तिरप्या लाकडी चौकटीला टेकवून उभी रचलेली असत, दोन तावदानांमध्ये कागद, चारी बाजूंनी दोरखंड. हा ऐवज घेऊन तो दोन-दोन, तीन-तीन दिवसांच्या वाटेला लागायचा. तीसेक वर्षं हेच केलं. मग पाठीने दगा दिला. कमरेच्या वरचे दोन मणके एकमेकांवर चढून बसले. डॉक्टरांनी फोटो उजेडासमोर धरून दाखवला आणि आता गाडी बंद, असं सांगितलं. त्याला वाईट वाटलं नाही. चला, सुटलो एकदाचे, एवढंच त्याच्या मनात आलं.

तेव्हापासून दोन वर्षं तो घरातच होता. घर म्हणजे तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्या. पुढच्या खोलीत भिंतीला लागून त्याची खाट. तिच्यावर नुसती फळी आणि चादर, कारण मऊ काही पाठीला सोसत नसे. आणि बायको नेमकी गाद्यांच्या दुकानात शिवणकामाला. दिवसभर लोकांच्या गाद्यांना टाके घालायचे आणि संध्याकाळी घरी येऊन नवऱ्याला फळीवर पडलेला बघायचं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच, असं ती आल्यागेल्याला हसून सांगायची. मुलगी एकच. लग्न होऊन दुसऱ्या शहरात गेलेली, तिथे औषधांच्या दुकानात काम करणारी. रविवारी तिचा फोन यायचा आणि त्यातलं निम्मं बोलणं गोळ्यांचं असायचं.

घरात पुस्तक असं कधी नव्हतं. ते आलं खालच्या मजल्यावरून. तिथे एक मास्तरीणबाई एकट्या राहत. शाळेतून निवृत्त झालेल्या, जिभेला धार, पण मनाने मोकळ्या. त्यांच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं आणि महिनाभर वाचायचं नाही अशी ताकीद मिळाली. वाचल्यावाचून बाईंचा जीव कासावीस व्हायचा. त्यांनी जिन्यात बायकोला गाठलं आणि संध्याकाळी तासभर येऊन वाचून दाखवशील का, असं विचारलं. बायको सातवीपर्यंत शिकलेली. मला कुठलं जमायला, म्हणत म्हणत ती गेली. पहिल्या दिवशी अडखळली, दुसऱ्या दिवशी कमी अडखळली आणि आठवड्याभरात अशी रमली, की बाईंना तिथेच पेंग आली तरी हिचं वाचन चालूच. पुढे पुढे तर ती पुस्तक घरी घेऊन यायला लागली. उद्याचा भाग आधी डोळ्यांखालून घालते म्हणजे बाईंपुढे अडायला नको, असं तिने सांगितलं. ते काही खरं नव्हतं. तिला धीर धरवत नव्हता.

कादंबरी जुनी, जाडजूड, कडेने पिवळी पडलेली. जकात कचेरीतल्या एका कारकुनाची गोष्ट. त्याच्याकडे एक पुडकं येतं, शेजारच्या गावातल्या एका बाईला पोचतं करायचं. तो एका दिवसाची रजा काढून निघतो. बाई गाव सोडून पुढे गेलेली असते. तो पुढच्या गावी जातो, तिथूनही ती हललेली. असं करत करत तो नद्या ओलांडतो, घाट चढतो, ज्यांची भाषा कळत नाही अशा लोकांच्या ओसरीवर झोपतो, आणि एका दिवसाच्या रजेवर निघालेला हा माणूस अर्धं जग पालथं घालतो. मास्तरीणबाईंनी हे पुस्तक तरुणपणी वाचलं होतं आणि पुढे प्रत्येक वर्गाला त्यातली थोडी गोष्ट सांगितली होती.

एका संध्याकाळी जेवताना बायको म्हणाली, "आपण कुठेतरी जाऊ या."

"कुठे?"

"कुठेही."

त्याचा घास हातातच राहिला. कुठेही जायचं म्हणजे काय, हे या घरात त्याच्याइतकं कोणाला ठाऊक असणार? त्याने तिला ऐकवलं. आयुष्य कुठेही जाण्यातच गेलं, ट्रकच्या खाली झोपलो, ट्रकच्या वर झोपलो, घोटभर पाण्याला महाग झालो. आता पाठ टेकायला हक्काची जागा मिळाली, तर हिच्या पायाला भिंगरी लागली. आणि शेवटी म्हणाला, "रस्ता म्हणजे काय असतो ते मला विचार."

बायकोने ताट बाजूला सारलं. आवाज चढवायची तिला सवय नव्हती. "तेच तर विचारत आले इतकी वर्षं," ती म्हणाली. "तुम्ही कधी सांगितलंच नाही."

एवढं बोलून ती भांडी घासायला उठली.  ते खरं होतं. लग्न नवीन होतं तेव्हा प्रत्येक खेपेहून तो परत आला, की ती पाण्याचा तांब्या हातात देऊन विचारायची, काय पाहिलं? तो म्हणायचा, रस्ता. पुढे मुलगी झाली, तिनेही काही वर्षं विचारलं. मग दोघींनी सोडून दिलं.

पुढचे दिवस बायको नेहमीसारखीच वागली. तिने जायचा विषय काढला नाही, की रुसवाही धरला नाही. हेच त्याला खुपायला लागलं. भांडली असती तर भांडून मोकळं होता आलं असतं. ती सकाळी दुकानात गेली, की खाटेवर पडल्या पडल्या त्याला कपाटावरचं ते पुस्तक दिसायचं. तिच्या डोक्यात हे खूळ भरवणारा हा कारकून आहे तरी कोण, ते बघू, म्हणून एके दिवशी त्याने ते खाली काढलं.

वाचायची सवय नाही. आयुष्यात त्याने वाचलं ते मैलाचे दगड, पुलांवरच्या पाट्या आणि मालाच्या पावत्या. एकेका ओळीखाली बोट धरून तो निघाला, दिवसाला चार-पाच पानं. पाठ ठणकायला लागली, की पुस्तक छातीवर उघडं ठेवून पडून राहायचा आणि मनातल्या मनात त्या कारकुनाशी भांडायचा. कारकून त्याला बिलकूल पटला नाही. माल घेऊन निघालेल्या माणसाने वाटेत बूड टेकायचं नसतं. हा दिसेल तिथे बसतो. कोणी हाक मारली की थांबतो, कुठल्या तरी म्हाताऱ्याच्या बागेतली नासपती तोडायला मदत करत आठवडा घालवतो. आपल्या मालकाने याला पहिल्याच खेपेला घरी बसवलं असतं. एका नदीला पूर आल्यामुळे तो नावेच्या घाटावर अडकतो, तर लेखकाने त्या घाटावर तीन प्रकरणं खर्ची घातली होती. पूर ओसरला तरी कारकून आपला तिथेच. घाटावरचं कुत्रं कसं होतं, नावाड्याची सून कशी चालायची, सकाळी पाण्याचा रंग कसा असायचा आणि दुपारी कसा. काचवाल्याने वैतागून पुस्तक मिटलं.

पण मिटलं तरी घाट काही डोळ्यांपुढून हलेना. आणि मग त्याला वाटलं, आपणही असे कितीतरी घाट ओलांडले की. नावेने नाही, पुलावरून. आठवून बघू एखादी नदी.

त्याने डोळे मिटून खूप आठवून पाहिलं. नदी काही आठवेना. पूल आठवले. कोणत्या पुलाच्या सुरुवातीला सांधा वर आलाय, कोणत्या पुलावर डाव्या अंगाला खड्डा आहे, कुठे गाडी पहिल्या गिअरवर घ्यावी लागते, हे सगळं तळहातावरच्या रेषांसारखं स्वच्छ दिसत होतं. पुलाखाली पाणी होतं की नुसती वाळू, हे सांगता येईना. आणि त्यात त्याचा काही दोषही नव्हता. काच नेणाऱ्याला मान वर करायची मुभा नसते. ब्रेकवरचा पाय अंड्यावर ठेवल्यासारखा ठेवावा लागतो. समोरच्या दहा-वीस हातांच्या पट्ट्यावरून नजर हटली आणि एक दणका बसला, की मागे सगळ्याचा चुरा. त्याच्या हातून फारच थोडी काच फुटली होती. कारखान्यात त्याचं नाव होतं. पण आता फळीवर पडल्या पडल्या त्याला वाटलं, घाण्याचा बैलही जन्मभर चालतो, पण कोणी त्याला तू काय पाहिलंस असं विचारत नाही. आपल्याला निदान विचारलं होतं.

त्या दिवशी बायको घरी आली तेव्हा त्याने उगाचच इकडचं तिकडचं बोलून पाहिलं. मग म्हणाला, की घाटमाथ्यावर एक मोठं इस्पितळ होतं, छातीच्या रोग्यांचं. ते बांधत होते तेव्हा सगळी काच त्याने वाहिली होती. तसली तावदानं त्याने आधी कधी नेली नव्हती आणि नंतरही नाही, एकेक भिंतीएवढं. चढाच्या पायथ्याशी फाटक होतं, तिथेच माल उतरवून घेत. वर मजूर न्यायचे.

बायको भाजी निवडत होती. तिचे हात थांबले. "वर नाही गेलात?"

"वर कशाला जाऊ? फाटकावर पावतीवर सही झाली की काम संपलं."

"एवढ्या मोठ्या खिडक्या केल्या, म्हणजे बाहेर बघण्यासारखं काहीतरी असणार," ती म्हणाली. "काय दिसत असेल हो त्यातून?"

त्याला ठाऊक नव्हतं. तीस वर्षं त्याने खिडक्या वाहिल्या होत्या आणि त्यातली एकही भिंतीत बसलेली पाहिली नव्हती. हा विचार त्याला आधी कधी शिवलाही नव्हता. दोन दिवस तो त्याच्या डोक्यात काट्यासारखा सलत राहिला. तिसऱ्या दिवशी त्याने बायकोला दुकानातून रजा काढायला सांगितलं.

मुलीने फोनवर आकाशपाताळ एक केलं. अशा पाठीने बसचा प्रवास, तोही घाटातून, आणि कशासाठी तर खिडक्या बघायला? आईने तिचं सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि तीन वेगवेगळ्या गोळ्या बरोबर न्यायचं कबूल केलं. मास्तरीणबाईंनी हिरवा चष्मा सावरत जिन्यात उभं राहून निरोप दिला आणि पुस्तक बरोबर न्या म्हणाल्या, शेवटची प्रकरणं मी नंतर ऐकेन.

बस सकाळी सुटली. काचवाला जन्मात पहिल्यांदा त्या रस्त्यावर उतारू म्हणून बसला होता. बायकोने त्याला खिडकीची जागा दिली, पाठीला उशी लावली. सुरुवातीला त्याचे हाल झाले. वळण आलं की उजवा पाय आपोआप दाबला जायचा, खड्डा यायच्या आधीच अंग आकसायचं. ड्रायव्हर तरणाबांड होता आणि बस अशी हाकत होता, जणू मागे बटाट्याची पोती भरलीयत. त्याला दोन शब्द सुनवावेत असं काचवाल्याच्या तोंडावर आलं होतं. बायकोने त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि मागे काच नाहीये, माणसं आहेत, असं म्हणाली. पुढच्या बाकावरची बाई हसली.

पहिला तासभर बायकोने काही सोडलं नाही. विटांची भट्टी, पाण्यात उभी असलेली गुरं, कुंपणावर वाळत घातलेली गोधडी, सगळं ती त्याला दाखवत राहिली. मग घाट सुरू झाला, वारा गार झाला आणि तिची मान कलली. दुकान, घर, नवऱ्याचं दुखणं, खालच्या मजल्यावरचं वाचन. ती कितीतरी वर्षं स्वस्थ अशी बसली नव्हती. बसली आणि झोपली, ती त्याच्या खांद्यावर डोकं टाकून, तोंड उघडं ठेवून. खांदा अवघडला तरी त्याने हलवला नाही. आणि तेव्हाच उजवीकडची दरी उघडली.

या वळणाचा धोका त्याला पक्का ठाऊक होता. इथे दरी आहे म्हणून डावीकडे दाबून घ्यायचं, एवढीच त्याची या जागेशी ओळख. आता त्याने खाली पाहिलं. फार खोलवर एक गाव होतं, दहा-बारा छपरं, आणि एका छपरावरून निघालेला धूर सरळ वर येत होता आणि रस्त्याच्या उंचीला आल्यावर आडवा होत होता. गावाला जायला वाट कुठून असेल ते दिसेना. बायकोला उठवावं का? त्याने दोनदा तिच्याकडे पाहिलं. मग ठरवलं, हे आपणच नीट बघून ठेवू. छपरं कसली होती, धूर कुठे वळला, शेताचे तुकडे कसे जोडल्यासारखे दिसत होते. परीक्षेला बसलेल्या मुलासारखा तो मनाशी एकेक घोकत गेला. एवढ्यात बसने वळण घेतलं आणि मध्ये कडा आला. इतकं थकवणारं काम असतं हे, त्याला कल्पना नव्हती.

इस्पितळ होतं तिथेच होतं. फाटकाचा रंग तेवढा बदललेला. पहारेकऱ्याने विचारलं, कोणाला भेटायचंय?  खिडक्यांना, असं काचवाला कसं सांगणार? बायकोनेच पुढे होऊन, हे काच घेऊन यायचे, बसलेली बघायची राहून गेली, असं सरळ सांगून टाकलं. पहारेकऱ्याने त्या दोघांकडे, त्यांच्या पिशवीकडे आणि उशीकडे पाहिलं, आणि भेटीची वेळ झालीच आहे, असं म्हणून सोडलं.

चढ त्याच्या पाठीला फार झाला. दर वळणावर थांबत, कठड्याला टेकत ते वर पोचले तेव्हा त्याच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला होता. वरच्या लांबलचक खोलीत एका ओळीत खाटा होत्या आणि समोर ती तावदानं, जमिनीपासून छतापर्यंत. पण निम्म्याहून जास्त काचा पांढऱ्या रंगाने झाकून टाकल्या होत्या. दुपारच्या उन्हाने रोग्यांच्या डोळ्यांना त्रास होतो म्हणून, परिचारिकेने सांगितलं. काचवाला पार हिरमुसला. एवढा घाट चढून आलो ते चुना फासलेली काच बघायला. तो एका मोकळ्या राहिलेल्या तावदानाजवळ गेला आणि सवयीने आधी काचच पाहिली. कोपरे शाबूत, कुठे लहर नाही, एक जुना बारीक चरा. त्यावर त्याने नखाने टिचकी मारली.

"अहो, काच काय बघताय," बायको मागून म्हणाली. "बाहेर बघा."

बाहेर रस्ता होता. डोंगराच्या पोटाला गुंडाळलेला, दिसतो न दिसतो असा, त्यावर गाड्या मुंग्यांसारख्या. त्याने तो वरून कधी पाहिला नव्हता. त्याला आधी ओळखूच येईना, मग तीन वळणांच्या गाठीवरून पटली ओळख. जवळच्या खाटेवर एक हडकुळा माणूस उशीला टेकून बसला होता. तो इथे बरेच महिने होता आणि दिवसभर तेच बघायचा. काचवाल्याला पाहून तो आपणहून बोलायला लागला. त्या तिसऱ्या वळणावर, त्याने बोट दाखवलं, प्रत्येक मोठी गाडी थबकते आणि मग निघते. तिथे काय आहे हे कोणी सांगत नाही. परिचारिकेला विचारलं, तिला माहीत नाही.

"रस्त्याखाली पाण्याची मोरी आहे," काचवाला म्हणाला. "खचलेली. भरलेली गाडी असेल तर तिथे श्वास धरायचा."

रोग्याला ते उत्तर फार आवडलं. तो छातीवर हात ठेवून हसला, हसता हसता खोकला. मग त्याने विचारलं, गाड्या पुढे कुठे जातात? काचवाल्याने बंदराचं नाव सांगितलं, गोदामांचं सांगितलं. तिथे समुद्र असेल ना, रोग्याने विचारलं. काचवाला म्हणाला, असावा, गोदामाच्या भिंतीपलीकडे. वास यायचा.

बायको या दोघांकडे पाठ करून उभी होती. तिने विचारलं, की ती लांबवर, सगळ्या डोंगरांच्या मागे चकाकतेय ती रेघ कसली? रोगी म्हणाला, तोच समुद्र. रोज दिसत नाही, आज हवा स्वच्छ आहे म्हणून. खालच्या फाट्यावरून बस आहे.

त्या रात्री ते फाट्यावरच्या एका लॉजमध्ये राहिले. सकाळी स्टँडवर आले तेव्हा काचवाल्याला धड उभं राहवत नव्हतं. घरची बस एका टोकाला लागली होती, बंदराची दुसऱ्या टोकाला. बायको दोन्हींच्या मध्ये पिशवी घेऊन उभी राहिली. तिने काही मागितलं नाही. पण गेली तीसेक वर्षं जिच्याबरोबर संसार केला तिची पाठमोरी मान त्याला कळत होती.

"तू जा," तो म्हणाला.

"वेडे आहात का? तुम्हाला या अवस्थेत सोडून?"

"मी घरी जाऊन आडवा होणार. ते काम मला एकट्याला जमतं."

तिने बंदराच्या बसकडे एकदा पाहिलं. मग हळूच म्हणाली, "आत्ता नाही गेले ना, तर परत एवढ्या लांब यायची नाही मी. माझ्यातही आता त्राण राहिलेलं नाही."

त्याने पिशवीतून आपलं धोतर, गोळ्या आणि पुस्तक काढून घेतलं. ती बसमध्ये चढली. तो खाली उभा राहिला, आता ती खिडकीतून हात करील म्हणून. ती खिडकीची कडी उघडायच्या खटपटीत होती. ती उघडली तेव्हा बस वळली होती आणि तिचं तोंड पलीकडच्या बाजूला होतं. आपण किती वेळा असे निघून गेलो असू आणि मागे वळून पाहिलं नसेल, हे त्याला तिथे उभ्या उभ्या जाणवलं.

परतीच्या बसमध्ये तो मागच्या लांब बाकावर आडवा पडून आला.

संध्याकाळी बायकोचा फोन आला. पोचले, म्हणाली. एवढंच. पुढे काही विचारायच्या आत बॅटरी संपत आलीय म्हणून तिने ठेवून दिला. तोही बंदरावरून असाच एका शब्दाचा फोन करायचा. मग मुलीचा आला. आई कुठाय? समुद्रावर, तो म्हणाला.  एकटी? आणि तुम्ही तिला सोडलंत? काचवाल्याने सांगितलं, की मी कसला सोडतोय, तिनेच मला सोडलंय. मुलीला हसावं की रडावं कळेना.

ते दिवस त्याला खायला उठले. दोन खोल्यांचं घर इतकं शांत असू शकतं हे त्याला माहीत नव्हतं. जिन्यात पाऊल वाजलं की कान टवकारायचे आणि पाऊल दुसऱ्याच्या दारात थांबायचं. पाणी केव्हा येतं, केव्हा जातं, दूधवाल्याला काय सांगायचं, सगळं खाली जाऊन मास्तरीणबाईंना विचारावं लागलं. बायको इतकी वर्षं अशी वाट बघत बसत होती आणि आपण आलो की विचारत होती, हे त्याच्या मनातून जाईना. बाकी वेळ तो वाचत राहिला. पुस्तक संपत आलं होतं. कारकुनाला शेवटी ती बाई सापडत नाहीच. ती वारलेली असते, तिची मुलगी सापडते. मुलगी पुडकं घेते, उघडतसुद्धा नाही, फडताळात ठेवून देते आणि दमलेल्या कारकुनाला म्हणते, बसा, जेवून जा. पुडक्यात काय होतं हे लेखकाने सांगितलेलंच नाही. मास्तरीणबाई म्हणाल्या, की दर वर्षी वर्गातली मुलं यावरून भांडायची. काचवाल्याला मात्र त्यात वावगं काही दिसलं नाही. माल पोचला होता. पोचलेल्या मालाकडे कोण बघतं? जेवायला बसवलं, तेच खूप झालं. त्याला कोणी कधी बसवलं नव्हतं.

ती यायची त्या दिवशी तो बसच्या वेळेआधीच स्टँडवर जाऊन बसला. बसमधून उतरणाऱ्यांचे चेहरे त्याने कधी पाहिले नव्हते. एक बस आली, दुसरी आली. उतरताना सगळी माणसं सारखीच दिसतात, आधी पायाकडे बघतात, मग आजूबाजूला. तिसऱ्या बसमधून बायको उतरली. ओठ फुटलेले, चेहरा काळवंडलेला, एका चपलेचा पट्टा सुतळीने बांधलेला. ती त्याच्या शेजारी बाकावर बसली आणि आधी पाठीची चौकशी केली. दोघांनाही लगेच उठवेना.

मग ती आपणहून सांगायला लागली. समुद्र मोठा आहे. पहिल्या संध्याकाळी लॉजच्या खोलीत तिला इतकी भीती वाटली, की दाराला खुर्ची लावून ती रडली. दुसऱ्या दिवशी सकाळी वाळूवर जाऊन बसली. बघून मन भरलं, खरंच भरलं. पण तेव्हा दहाही वाजले नव्हते. मग पुढे काय करायचं ते कळेना. परतीची बस त्याच्याही दुसऱ्या दिवशीची. एकटं बसून बसून डोकं उठलं. वाटलं, तुमची फळी तरी बरी.

"पुस्तकात हे नव्हतं," ती म्हणाली. "दुपार केवढी लांब असते तिथे."

"दुपार सगळीकडेच लांब असते," तो म्हणाला. "माणूस गाडी चालवत असला तर तेवढी कळत नाही."

तिने मान हलवली. समोरून त्यांच्या भागाकडे जाणारी बस आली, पण ती खच्चून भरलेली. जाऊ दे ही, त्याने हातानेच खूण केली. त्याला दरीतलं ते गाव सांगायचं होतं, तिचा डोळा लागला होता तेव्हाचं. धूर कसा आडवा झाला ते सांगायला त्याने सुरुवातही केली. ती ऐकत होती, डोळे मिटून. मध्येच तिने विचारलं, की गावाला वाट कुठून होती? ती काही दिसली नाही, त्याने कबूल केलं.

थोड्या वेळाने त्याने विचारलं, "परत जाशील?"

"जाईन," ती म्हणाली. "पण आधी दोन दिवस मला कोणी उठवू नका."